विहिरीच्या गाळात सापडलेलं कासव

ओढाकाठ | १४ मे, रात्री ९.२०

परवा मळ्यातल्या विहिरीचा गाळ काढला. करमाळा तालुक्यातलं आमचं गाव, सीनेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या कडेला मळा. विहीर आजोबांनी पाडलेली, पन्नास फूट खोल. वर पंधरा फूट दगडी बांधकाम, त्याखाली सरळ तासलेला मुरूम आणि खडक. यंदा पाणी तळाला टेकलं म्हणून यारी लावली. दुपारी चारच्या सुमारास खालून गडी ओरडला, "दादा, ह्यो दगुड हालतोय!" आणि पुढच्या बादलीतून गाळाबरोबर एक कासव वर आलं.

हौदावर नेऊन त्याच्यावर पाणी ओतलं. गाळ निघाला तशी पाठ दिसायला लागली, शेवाळी-तपकिरी, ओल्या चामड्यासारखी एकसंध. आपण चित्रात काढतो तसे चौकोनी-षटकोनी खवले कुठेच नाहीत. मोजपट्टी लावली, पाठ २७ सेंटिमीटर भरली. तोंड पुढे निमुळतं होत गेलेलं आणि टोकाला छोट्या नळीसारखं नाक. पायाच्या बोटांमध्ये पडदे, पण नख्या प्रत्येक पायाला तीनच. उलटं केल्यावर पांढुरकं पोट दिसलं आणि तेव्हाच ती गोष्ट पाहिली जिच्यामुळे ओळख पक्की झाली. त्याने मागचे पाय आत ओढले आणि पोटाच्या मागच्या कडेला असलेल्या दोन मांसल झडपा त्या पायांवर लागल्या. दार ओढून घ्यावं तशा. पुढचा भागही वर उचलून त्याने डोकं आणि पुढचे पाय झाकले. क्षणात पायही नाहीत आणि डोकंही नाही.

या झडपांमुळेच इंग्रजीत याला फ्लॅपशेल म्हणतात. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. आपल्याकडे तळी, ओढे, कालवे, भातखाचरं, विहिरी अशा संथ पाण्यात राहणारं हे कासव. मोठं झालं तर पाठ ३५ सेंटिमीटरपर्यंत जाते, मादी नरापेक्षा मोठी असते. आमचं कासव मादी आहे, शेपूट आखूड आहे. नराचं शेपूट लांब आणि जाड असतं.

आजी म्हणाली, "तुझ्या आज्यानं सोडलंय ते. बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी लागलं तेव्हा." ते हेच कासव की नंतर कुणी सोडलेलं दुसरं, आता कोण सांगणार. पण मी शाळेत असल्यापासून, म्हणजे पंचवीसेक वर्षं, कठड्यावरून वाकून याचं नाक पाहत आलोय. पाणी हललं की आम्ही पोरं म्हणायचो, विहिरीचा राखणदार आला.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगतो. त्याच गाळात दोन फुटकी टरफलं आणि एक अख्खं अंडं सापडलं. पांढरंशुभ्र, गोल, मोठ्या गोटीएवढं, जेमतेम ३ सेंटिमीटर. कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक. हातात घेतलं तर जड लागलं, आणि कानाशी हलवलं तर आतून डुचमळल्याचा आवाज आला.

आपल्याकडचं कासव कुठलंही असो, समुद्रातलं की डबक्यातलं, अंडी घालायला त्याला जमिनीवरच यावं लागतं. अंड्याच्या कवचातून हवा आत-बाहेर जात असते. पाण्यात पडलेल्या अंड्यातला जीव गुदमरतो. फ्लॅपशेलची मादी काठावरच्या मातीत मागच्या पायांनी खड्डा करते, त्यात अंडी घालते, माती ओढून बुजवते आणि निघून जाते. आमच्या विहिरीत तिला खणायला वीतभर माती नव्हती. चारी बाजूंना सरळ खडक. पोटात अंडी घेऊन ती किती रात्री त्या भिंतीला घासत फिरली असेल, आणि शेवटी पाण्यातच टाकून मोकळी झाली असेल. असं किती वर्षं चाललं होतं? आम्ही तिला राखणदार म्हणत होतो आणि खरं तर ती तिथे कोंडलेली होती.

आजोबांना दोष देत नाही. विहिरीत कासव असलं की पाणी जिवंत राहतं असं मानणारी ती पिढी होती, त्यांनी प्रेमानेच सोडलं. पण मला वाटतं, या प्राण्याबद्दल आपली एक समजूत मुळातच चुकली आहे. आपण समजतो हा पाण्यातला जीव, पाणी दिलं की झालं. याला पाणी जितकं लागतं तितकाच गाळ आणि माती लागते.

वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला आहे. उद्या माणूस येणार आहे. तोवर हौदात ओली माती भरून, वर पोतं टाकून ठेवलंय. तुमच्याकडे विहिरीत कासवं आहेत का? अनुभव लिहा.

---

टिटवी | १४ मे, रात्री ९.५८

वाचून गलबलून आलं. माझ्या माहेरी, भोर तालुक्यात, विहिरीत दोन कासवं होती. आई भाकरीचा तुकडा टाकायची आणि ती वर यायची. अंड्यांचा विचार आमच्यापैकी कुणाच्याही मनात कधी आला नाही. एक विचारू का? तुमच्या विहिरीत एकच कासव होतं ना? मग अंडी कशी?

ओढाकाठ | १४ मे, रात्री १०.२०

टिटवीताई, बरोबर प्रश्न. कासवाची मादी नर नसतानाही अंडी घालते, कोंबडी घालते तशी, फक्त त्यातून पिल्लू होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नराचं बीज मादी शरीरात बराच काळ साठवून ठेवू शकते, या जातीतही ते आढळलं आहे. आमच्या मादीची अंडी रिकामीच असतील, इतक्या वर्षांत नर कुठला? पण माझ्या जिवाला त्याने फारसा आराम पडत नाही. अंडी घालायची जागा शोधणं हे तिच्या अंगातच असतं, अंडं भरलेलं असो की पोकळ.

---

बोडी | १५ मे, सकाळी ७.०५

गोंदिया जिल्ह्यातून लिहितो. आमच्याकडे जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, भरपूर, आणि हे कासव तिथलं नेहमीचं. वडिलांसोबत मी लहानपणी बोडीवर जायचो. ढीवर लोकांच्या जाळ्यात हे सापडायचं, पूर्वी खाल्लंही जायचं, खोटं कशाला बोलू.

मला सांगायचंय ते उन्हाळ्याबद्दल. एप्रिल-मे मध्ये बोडी आटते, तळ भेगाळतो. शहरातल्या माणसाला वाटतं इथे आता काही जिवंत नाही. पण कासव कुठे गेलेलं नसतं. पाणी ओसरताना ते गाळात शिरतं, खाली खाली जातं आणि वरचा गाळ वाळून कडक झाला तरी आत ओलीत पडून राहतं. खाणं नाही, हालचाल नाही. शरीराचा सगळा कारभार मंदावलेला. आमचे म्हातारे लोक लोखंडी सळई गाळात खुपसत चालायचे. दगडाला लागली तर एक आवाज, कासवाला लागली तर दुसरा, दबका. तो आवाज मी ऐकलाय.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की एका रात्रीत ती बाहेर येतात. सकाळी पाळीवर, रस्त्यावर, धानाच्या बांधीत सगळीकडे त्यांच्या पायांच्या खुणा.

ओढाकाठ | १५ मे, सकाळी ७.४०

बोडीदादा, हे सोनं दिलंत तुम्ही. सळईचा आवाज हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

आणि यावरून एक चिंता मनात आली. तलावातला गाळ आपण काढतो कधी? नेमका एप्रिल-मेमध्ये, तळ कोरडा असतो तेव्हा. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ मध्ये आली तेव्हापासून गावोगाव जेसीबी लागतात. काम चांगलंच आहे, आमच्या शेतातही तो गाळ टाकलाय, उत्पन्न वाढलं. पण ज्या महिन्यात कासव गाळात निजलेलं असतं त्याच महिन्यात आपण तो गाळ ट्रॉलीत भरतो. मी तरी आजवर एकदाही ट्रॉलीत डोकावून पाहिलं नव्हतं.

---

पिंपळपान | १५ मे, सकाळी ११.१५

काही भर घालते. मी प्राणिशास्त्र शिकवते, कासवं हा आवडीचा विषय.

हे मऊ कवचाच्या कासवांच्या कुळातलं आहे. या कुळाचं नाव ट्रायोनिकिडी, अर्थ तीन नख्यांची. धागाकर्त्याने तीन नख्या नेमक्या टिपल्यात, त्याबद्दल शाबासकी. पण या कुळात फ्लॅपशेल जरा वेगळं पडतं. शेजारच्या देशांतली फ्लॅपशेल सोडली तर झडपा असलेले याचे सर्वांत जवळचे नातलग भारतात नाहीत, ते आहेत आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेला. आपल्या ओढ्यातल्या कासवाचे चुलतभाऊ तिकडच्या नद्यांत राहतात, हे मला दरवर्षी वर्गात सांगताना नव्याने आश्चर्य वाटतं.

नावाबद्दल. पंक्टाटा म्हणजे ठिपकेदार. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधूच्या खोऱ्यातल्या फ्लॅपशेलच्या पाठीवर खरोखरच पिवळे ठिपके असतात, ती उपजात वेगळी आहे. आपल्याकडच्या मोठ्या कासवांच्या पाठीवर ते नसतात. आपली उपजात विटाटा. विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५४ मध्ये तिचं वर्णन केलं ते गोव्यातल्या नमुन्यावरून.

पाठीवर खवले नसल्यामुळे आणखी एक होतं. कठीण पाठीच्या कासवांच्या खवल्यांवर वाढीची वलयं दिसतात, त्यावरून निदान तरुण कासवाच्या वयाचा अंदाज बांधता येतो. इथे ती सोय नाही. म्हणून तुमच्या आजीची आठवण हाच तुमचा एकमेव पुरावा, तो लिहून ठेवा.

अंड्यांबद्दल जे सांगायचंय ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. फ्लॅपशेलचं अंडं मातीत गेल्यावर आतला गर्भ थोडासा वाढतो आणि थांबतो. मरत नाही, थांबतो. आठवडे, महिने तसाच. हवामान पालटलं की पुन्हा वाढायला लागतो. त्यामुळे अंडी घातल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत आठ-नऊ महिने सहज जातात. कोंबडीचे एकवीस दिवस आठवा आणि हे बघा. या सगळ्या हिशेबाचा शेवट पावसाशी जुळतो, पाऊस पडून माती मऊ होते तेव्हा पिल्लं वर येतात आणि समोर डबकी भरलेली असतात, बेडकांची पिल्लं, किडे, गोगलगायी, सगळं ताट वाढलेलं.

---

निवडुंग | १५ मे, दुपारी १.३०

संतवाङ्मयात कासवीची दृष्टी असं वारंवार येतं. कासवी पिलांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, लांबून नुसत्या नजरेने त्यांना वाढवते, तशी देवाची कृपा. कीर्तनात लहानपणापासून ऐकलंय. पिंपळपान, यात काही तथ्य आहे का? मादी घरट्याजवळ थांबते का?

पिंपळपान | १५ मे, दुपारी २.१०

नाही थांबत. माती बुजवली की तिचा संबंध संपला. एका हंगामात ती पुन्हा दुसरीकडे घालेल, एकेका वेळी थोडीच अंडी, सहसा दहा-बाराच्या आत, पण पहिल्या घरट्याकडे परत येणार नाही. पण ही उपमा मला फार आवडते. ज्या कुणी पहिल्यांदा ती वापरली त्याने कासवी बारकाईने पाहिली होती. ती पिलांजवळ जात नाही आणि तरी पिल्लं वाढतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. मधलं कोडं त्याने नजरेने सोडवलं. आपण आज म्हणू की माती आणि ऋतू वाढवतात.

टिटवी | १५ मे, दुपारी २.२५

पिंपळपान, समुद्री कासवांत वाळूच्या तापमानावर नर की मादी ठरतं असं वेळासच्या कासव महोत्सवात सांगितलं होतं. इथेही तसंच?

पिंपळपान | १५ मे, दुपारी २.४०

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवात तसंच आहे. मऊ कवचाच्या कुळात मात्र ते आपल्यासारखं गुणसूत्रांवर ठरतं. उष्ण उन्हाळ्यामुळे सगळ्या माद्याच निपजतील ही भीती या कासवाला नाही. त्याच्या भीती वेगळ्या आहेत.

---

सुरंगी | १५ मे, संध्याकाळी ६.००

कोकणातून. आमच्या विहिरीत पण एक कासव आहे, पण वर्णनाशी जुळत नाही. पाठ काळी, टणक, डोंगरासारखी, आणि वर तीन उभ्या कडा. झडपा नाहीत. हात लावला की घाण वास सोडतं.

पिंपळपान | १५ मे, संध्याकाळी ६.३०

सुरंगी, ते वेगळं. मेलानोकेलिस ट्रायजुगा, काळं कासव. ट्रायजुगा या नावातला तीनचा आकडा त्या तीन कडांचाच. तेही गोड्या पाण्यातलं, आणि त्यालाही अंडी घालायला जमीनच हवी. म्हणजे तुमच्या विहिरीतही गोष्ट तीच.

सुरंगी | १५ मे, संध्याकाळी ६.५०

आमची विहीर पायऱ्यांची आहे. ते बाहेर येऊ शकत असेल ना?

ओढाकाठ | १५ मे, संध्याकाळी ७.१५

सुरंगी, पायऱ्यांची उंची मोजून बघा. आमच्या शेजारच्या गावात जुनी बारव आहे, तिची पायरी फूटभर उंच. वीतभरही उंची नसलेल्या प्राण्याला ती भिंतच. उतार असेल, दगड ढासळून रॅम्प झाला असेल तर गोष्ट वेगळी.

---

हस्त | १५ मे, रात्री ९.००

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. विहिरीतलं कासव पाणी स्वच्छ ठेवतं हे आमच्या तीन पिढ्यांनी अनुभवलंय. मेलेला उंदीर, किडे सगळं खातं. पुस्तकी माहितीवरून ते अंधश्रद्धा ठरवायची घाई नको.

ओढाकाठ | १५ मे, रात्री ९.४०

हस्तसाहेब, राग कसला. तुम्ही म्हणता त्यात खरं आहे. हे कासव सगळं खातं, गोगलगायी, मासे, बेडूक, कोळंबी, पाणवनस्पती, पडलेली फळं, आणि मेलेलंही. वाराणसीला गंगेत प्रेतांचे अवशेष खावेत म्हणून सरकारने मऊ कवचाची कासवं सोडली होती, ती याच कल्पनेवर. तलावात, नदीत हे काम फार मोलाचं आहे.

पण विहीर म्हणजे बंद भांडं. खाल्लेलं शेवटी त्याच पाण्यात उतरतं. कासवांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असतात, त्याने माणसाला जुलाब-ताप होतो. मोटेच्या काळात विहिरीचं पाणी रोज उपसलं जायचं, आता पंप बंद राहिला की महिनाभर तेच पाणी. माझं म्हणणं इतकंच, पिण्याच्या विहिरीसाठी टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर आहे, कासवाला त्या कामाला लावायची गरज उरलेली नाही.

हस्त | १५ मे, रात्री १०.०५

पाणी उपसण्याचा मुद्दा पटला. आमच्या विहिरीचं पाणी गेली दहा वर्षं कुणी पीत नाही. तरी कासव आत आहे. उद्या जाऊन बघतो.

---

मुळाकाठ | १६ मे, सकाळी ८.३०

पुण्याचा एक धागा जोडतो. याच कुळातलं दुसरं कासव, लीथचं मऊ कवचाचं कासव. १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉन ग्रे यांनी त्याचं वर्णन केलं. ज्या नमुन्यावरून केलं तो पुण्याचा होता, आणि नाव दिलं मुंबईत काम करणाऱ्या डॉ. लीथ यांचं. हे फ्लॅपशेलपेक्षा कितीतरी मोठं होतं, पाठ ६० सेंटिमीटरच्या पुढे जाते. पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात. गोदावरी, कृष्णा, कावेरी अशा नद्यांचं कासव, भारताबाहेर जगात कुठे नाही.

आज ते अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. 'साइट्स' या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०२२ च्या पनामा परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आली. ज्या नद्यांच्या गावातून ते जगाला कळलं त्या मुळा-मुठेच्या पुलावर मी रोज उभा राहतो. आता काठावर काँक्रीट होतंय. आपण इथे मातीबद्दल बोलतोय म्हणून लिहिलं. नदीचं पाणी उद्या शुद्ध केलं तरी काठाची माती गेली तर कासवाने अंडी कुठे घालायची?

---

बोडी | १६ मे, सकाळी ९.१०

फ्लॅपशेलचीही स्थिती बरी नाही ना? आमच्याकडे पूर्वीसारखी दिसत नाहीत.

पिंपळपान | १६ मे, सकाळी १०.००

नाही बरी. आंतरराष्ट्रीय लाल यादीत आता ते असुरक्षित या वर्गात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण. तरी जानेवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यात पोलिसांनी छापा घातला तेव्हा एका घरात सहा हजारांहून जास्त फ्लॅपशेल पोत्यांत भरलेली सापडली. जिवंत. मांसासाठी पूर्वेकडे जाणारी. गाळात महिनोन्महिने तग धरण्याची जी ताकद त्याला दुष्काळातून वाचवते, तिच्यामुळेच ते पोत्यात अन्नपाण्यावाचून दिवसचे दिवस जिवंत राहतं, आणि म्हणून व्यापाऱ्याला सोयीचं पडतं. हे लिहिताना त्रास होतो.

टिटवी | १६ मे, सकाळी १०.२५

काही वर्षांपूर्वी पिवळ्याधमक कासवाचे फोटो फिरत होते, ते पण हेच का?

पिंपळपान | १६ मे, सकाळी १०.३५

हो, जुलै २०२०, ओडिशातला बालासोर जिल्हा. फ्लॅपशेलच. नवी जात नाही, रंगद्रव्य नसल्यामुळे पिवळं दिसत होतं. पिल्लू नव्हे, चांगलं वाढलेलं कासव होतं. डोळे गुलाबी. वनविभागाकडे सोपवलं गेलं.

---

ओढाकाठ | १६ मे, रात्री ८.४५

आज वनरक्षक आले, पंचनामा झाला. त्यांनी कासव तपासलं, जखम नव्हती. कुठे सोडायचं यावर बोलणं झालं. मी सुचवलं ओढ्यावरचा जुना पाझर तलाव, पाव किलोमीटरवर. तळाला अजून गुडघाभर पाणी आहे, मातीचा काठ आहे, एका बाजूला बाभळी. दुसऱ्या खोऱ्यात नेऊ नये, त्याच ओढ्यावर राहू द्यावं, हे त्यांचंही मत पडलं.

संध्याकाळी सहाला सोडलं. आजी हट्टाने आली, बैलगाडी नाही म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची टाकून. काठापासून चार हातांवर ओल्या मातीत ठेवलं. दहा मिनिटं काहीच नाही. झडपा बंद. मग पुढून आधी नाक, मग मान बाहेर आली, आणि ती मान किती लांब असते हे मला तेव्हा कळलं, जवळपास पाठीच्या निम्मी. वाटलं पाण्याकडे धावेल. ती पाण्याकडे गेलीच नाही. जिथे होती तिथेच तिने पुढच्या पायांनी माती उकरायला सुरुवात केली. डावा, उजवा, डावा, उजवा. अर्ध्या तासात पाठीचा मागचा काठ तेवढा दिसत होता, मग तोही नाही. इतकी वर्षं नुसत्या पाण्यात काढलेल्या प्राण्याला माती भेटली आणि तो आधी मातीत शिरला.

आजी काही बोलली नाही. परत येताना म्हणाली, "आता पावसापत्तुर तिकडं कुणी गाळ काढू नका म्हणावं." सरपंचांना सांगितलंय. यंदा त्या बाभळीकडची बाजू सोडून बाकी तलावाचा गाळ काढायचं ठरतंय.

---

हस्त | १७ मे, सकाळी ७.२०

आमच्या विहिरीत एक नाही, तीन आहेत. १९२६ ला फोन लावलाय. काढताना काय काळजी घ्यायची?

ओढाकाठ | १७ मे, सकाळी ७.५०

हस्तसाहेब, फार बरं वाटलं. स्वतः उतरून काढू नका, माणूस येईपर्यंत थांबा. पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, घरी ठेवणं, कुणाला देणं, दोन्ही गुन्हा. गाळ काढताना आमच्यासारखं आपोआप वर आलंच, तर दोन्ही बाजूंनी पाठीच्या मध्यावर धरा. मान मागे वळून चावतं. ओली माती, ओलं पोतं, सावली. खायला घालायची घाई नको.

आणि तुमच्याकडे प्लॅस्टिकच्या कागदाचं शेततळं आहे का? असेल तर तेही बघा. ओढ्यावरून रात्री फिरणारं कासव त्यात उतरतं, आणि त्या गुळगुळीत कागदावरून पुन्हा चढता येत नाही. आम्ही दोन कोपऱ्यांत पाण्यापासून वरपर्यंत नारळाच्या काथ्याच्या दोऱ्यांची जाळी सोडली आहे, खाली दगड बांधून. सरडे, बेडूक, मुंगूस तिच्यावरून चढताना पाहिलेत.

---

सुरंगी | १८ मे, सकाळी ९.००

पायरी मोजली. अकरा इंच.

---

ओढाकाठ | २१ जून, सकाळी ६.३०

धागा वर काढतोय. काल रात्री पहिला मोठा पाऊस झाला, ओढा आला. पहाटे टॉर्च घेऊन पाझर तलावावर गेलो. जिथे ती मातीत शिरली होती तिथली माती आतून वर उचकटलेली, ताटाएवढा खोलगट खड्डा, त्यात पाणी साचलेलं. खड्ड्यापासून काठापर्यंत ओल्या चिखलात खुणा होत्या. मध्ये पोट घासत गेल्याचा रुंद पट्टा आणि दोन्ही बाजूंना पावलं, प्रत्येक पावलाला तीन ओरखडे.